दिवाणखान्यातला युरोप

उभी हयात मी साताऱ्यातल्या पोरांकडून युरोपच्या राजधान्या पाठ करून घेतल्या. 'जोड्या लावा' म्हटलं की डावीकडे ऑस्ट्रिया, हंगेरी, पोर्तुगाल आणि उजवीकडे लिस्बन, व्हिएन्ना, बुडापेस्ट. पोरं रेघा ओढायची, मी गुण द्यायची. आता कुणी विचारेल, बाई, तुम्ही स्वतः कोणत्या राजधान्या पाहिल्यात? तर एक रायगड, तो शाळेच्या सहलीत. आणि दुसरा हा सातारा. शाहू महाराजांनी इथं गादी मांडली आणि पुढं माझ्या सासऱ्यांनी इथंच घर बांधलं. दोन्हींपैकी एकीलाही व्हिसा लागत नाही.

युरोपच्या राजधान्यांनी भूगोलाच्या शिक्षकांना फार पळवलं. मी नोकरीला लागले तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन होती. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, पुढच्या वर्षी त्यांच्या संसदेनं ३३८ विरुद्ध ३२० मतांनी बर्लिनला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं आणि प्रत्यक्ष सामान हलायला १९९९ उजाडलं. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली आणि ब्रातिस्लाव्हा नावाची राजधानी नव्यानं पाठ करायला आली. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा तर एकट्या बेलग्रेडच्या जागी झाग्रेब, ल्युब्लियाना, सारायेव्हो, स्कोपये अशी रांगच लागली. नेदरलँड्सची राजधानी राज्यघटनेप्रमाणं ॲमस्टरडॅम, पण सरकार बसतं हेगला. स्वित्झर्लंडनं तर कायद्यानं कुणाला राजधानी केलेलंच नाही. १८४८ पासून बर्न हे नुसतं 'संघराज्याचं शहर' आहे. एवढं सगळं तळमळीनं समजावून सांगितलं की मागच्या बाकावरून हात वर यायचा, "बाई, पण उत्तरात काय लिहायचं?"

तर निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर केलं की आता युरोपला जायचं, आणि राजधान्याच बघायच्या. ट्युलिपच्या बागा नकोत, बर्फ नको. बर्फ बघायला आमच्याकडे शेजारच्या वहिनींचे फोटो आहेत. ज्यांच्या रेघा इतकी वर्षं तपासल्या, ती गावं एकदा जागेवर आहेत ना, तेवढं बघून यायचं.

आमचे हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी 'हो' किंवा 'नाही' असं काही न म्हणता कपाटातून पट्टी आणि आखीव कागद काढला. याचा अर्थ होकार. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, कराडला असतात. त्यांना फोनवरून सुगावा लागला. "मीही येणार. खर्चाची चिंता करू नका, माझी एफडी मोडायला आलीय. बेत ठरवायला चार दिवस येते," म्हणाल्या. आल्या, दिवाणखान्यातल्या दिवाणावर मांडी घालून बसल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशीखाली आहे.

चौथा सभासद अक्कांचा मुलगा ओंकार. हा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे आणि शनिवार-रविवार आम्हाला सल्ला द्यायला साताऱ्याला येतो. यादी वाचून त्यानं डोळे मिटून घेतले. "मामी, राजधान्या म्हणजे नुसती गर्दी. सगळं टुरिस्ट लोकांसाठी मांडलेलं. खरा युरोप खेड्यांत असतो. हल्ली लोक एखाद्या खेड्यात घर भाड्यानं घेतात, तिथल्या माणसांबरोबर पाव भाजतात, शेळ्यांचं दूध काढतात. तो खरा एक्सपिरिअन्स."

"कराडला आपल्या गोठ्यात पाच म्हशी होत्या," अक्का दिवाणावरून म्हणाल्या, "तेव्हा तू नाकाला रुमाल लावून जायचास."

पण ओंकारच्या बोलण्याचं उत्तर नुसत्या म्हशींवर भागण्यासारखं नव्हतं. ते मी दिलं. राजधानी म्हणजे देशाचा दिवाणखाना. पाहुणा यावा, त्यानं बघावं आणि मान डोलवावी, याच हिशेबानं मांडलेला. १८५३ नंतर तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून ओसमान नावाच्या अधिकाऱ्यानं पॅरिसच्या गल्लीबोळांवरून फावडं फिरवलं आणि सरळसोट रुंद रस्ते काढले. ते बघून चार लोकांचे डोळे दिपावेत, हाही त्यातला एक उद्देश होताच. १८५७ मध्ये फ्रान्झ जोसेफ बादशहानं व्हिएन्नाचा तट पाडायला लावला आणि त्या मोकळ्या जागेत एक वळसेदार राजरस्ता काढून त्याच्या कडेनं ऑपेरा, संसद, विद्यापीठ, संग्रहालयं ओळीनं मांडली. ते पाहून बुडापेस्टला कसं राहवेल? १८७३ मध्ये बुडा, पेस्ट आणि ओबुडा एकत्र येऊन हे शहर झालं. मग आपले पूर्वज या भूमीत येऊन हजार वर्षं झाली म्हणून हंगेरियन लोकांनी १८९६ मध्ये मोठा उत्सव केला आणि त्या निमित्तानं युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे सुरू केली. पूर्वज आले तो सन ८९६ मानतात, म्हणून संसदेच्या घुमटाची उंची ९६ मीटर. तिथून जवळच सेंट स्टीफनची बॅसिलिका आहे, तिचीही उंची ९६ मीटर. आता एवढी हौस करून, पट्टी लावून, शेजाऱ्यावर जळून लोकांनी दिवाणखाना सजवला, आणि पाहुणा म्हणाला, "हे राहू द्या, मी मागच्या दारानं येऊन तुमचं स्वयंपाकघर बघतो," तर त्याला एक्सपिरिअन्स म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात.

ओंकार म्हणाला, "मामी, तुम्ही अजून वर्गातच आहात." मी म्हटलं, "हो, आणि तू मागच्या बाकावर."

एका प्रवास कंपनीचं माहितीपत्रकही मागवून झालं. त्यावरून कळलं की बघण्यातही श्रेणी असतात. 'बसमधून दर्शन' म्हणजे गाडी न थांबता उजवीकडे मान वळवायची. 'बाहेरून दर्शन' म्हणजे खाली उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. 'आतून दर्शन' म्हणजे तिकिटाचे पैसे त्यात धरलेत. ह्यांना ही पद्धत फार आवडली. आमच्या आखीव कागदावर त्यांनी त्याच धर्तीवर खुणा केल्या: जलद, साधी आणि विनंती थांबा. आयफेल टॉवरला विनंती थांबा मिळाला म्हणून मी भांडले. ह्यांचं म्हणणं, "अगं, तो ३३० मीटर उंच आहे. जाता-येता कुठूनही दिसणारच, मुद्दाम कशाला थांबायचं?" मी सांगितलं, १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तो टॉवर वीस वर्षांनी पाडायचा होता. पण बिनतारी संदेशाच्या कामाला उपयोगी पडला म्हणून टिकला. नोकरीला लागल्यामुळं जो वाचला, त्याच्यासाठी निवृत्त माणसानं अर्धा तास थांबायला काय हरकत आहे? हे विरघळले. एक तास मंजूर झाला.

खरी परीक्षा पुढं होती, ती म्हणजे सुट्टीचे वार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. त्याच पॅरिसमधलं ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. माद्रिदमध्ये पिकासोचं 'गेर्निका' जिथं आहे ते रेना सोफिया मंगळवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि त्या दिवशी फुकट, म्हणजे अख्खं रोम तिथं रांगेत. बर्लिनच्या संसदेच्या काचेच्या घुमटात फुकट जाता येतं, पण आधी नाव नोंदवायला हवं आणि पासपोर्ट बरोबर हवा. खासदारांच्या डोक्यावरून लोक चालत जातात, ही कल्पना ह्यांना इतकी भावली की बर्लिनला ताबडतोब जलद गाडीचा दर्जा मिळाला. वार जुळवता जुळवता कागदाला इतक्या वेळा खोडरबर लागलं की ब्रसेल्सच्या जागी भोक पडलं. ब्रसेल्स गेलं. तिथं शू करणाऱ्या एका पोराचा जेमतेम दोन फुटांचा पुतळा आहे, त्याच्याकडे हजाराहून जास्त पोशाख आहेत, आणि मूळ पुतळा संग्रहालयात ठेवून चौकात नक्कल उभी केलीय, हे ऐकल्यावर अक्का म्हणाल्या, "एवढे कपडे असून पोरगं उघडंच ना? जाऊ द्या."

लूव्रवर मात्र घरात एकमत होतं, कारण मोनालिसा. ओंकारनं त्यातही पाय घातला. म्हणाला, "चित्र केवढंसं, ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. काचेमागं. आणि पुढं दोनशे मोबाइल वर धरलेले." मी म्हटलं, मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेनं काढलेलं काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ १० मीटर रुंद. नेपोलियनच्या फौजेनं ते व्हेनिसच्या एका मठातून १७९७ मध्ये उचलून आणलं. सगळी गर्दी त्या लग्नाकडे पाठ करून उभी असते.

अक्का सरसावून बसल्या. "लग्नात काय चाललंय?"

"जेवण."

"मग आपण तिकडं तोंड करून उभं राहायचं," असा निर्णय झाला.

त्याच सुमारास लूव्रची ती चोरी वर्तमानपत्रात आली होती. १९ ऑक्टोबर २०२५, रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार, संग्रहालय नुकतंच उघडलेलं. चोरांनी ट्रकवरची सामान चढवायची शिडी लावली, खिडकीतून अपोलो दालनात शिरले, राजघराण्याचे दागिने उचलले आणि आठ मिनिटांच्या आत सगळं उरकून पसार झाले. साऱ्या जगानं हळहळ व्यक्त केली. आमच्या घरात मात्र वाहतूक नियंत्रकाच्या चेहऱ्यावर आदर दिसला. "माहितीपत्रकात लूव्रला दोन तास दिलेत," हे पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे बघ, आठ मिनिटं. नियोजन म्हणतात ते हे."

"तिकीट काढलं होतं का त्यांनी?" अक्कांनी विचारलं. मग जाताना त्यांच्या हातून एका सम्राज्ञीचा मुकुट रस्त्यातच पडला, हे मी वाचून दाखवल्यावर त्या ह्यांना समाधानानं म्हणाल्या, "बघ बाळू, घाईनं बघितलं की काहीतरी राहतंच."

गाड्यांच्या बाबतीत मात्र युरोपनं ह्यांना जिंकून घेतलं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा साठेक किलोमीटर, रेल्वेनं तासाभराचं काम. एका देशाच्या राजधानीत न्याहारी आणि दुसऱ्या देशाच्या राजधानीत जेवण, आणि मध्ये सहसा कुणी पासपोर्ट बघायला थांबवत नाही. सातारा ते कराडपेक्षा हे अंतर थोडंच जास्त. "म्हणजे मी इथं येते तेवढंच की," अक्का म्हणाल्या, "मग एवढ्यासाठी विमानानं कशाला जायचं?" त्यांना समजावण्यात एक अख्खी दुपार गेली. व्हॅटिकननं तर हिशेब आणखी सोपा केला. ४४ हेक्टरांचा देश, तोही रोमच्या पोटात. एकाच मुक्कामात दोन राजधान्या पदरात पडतात, हे कळल्यावर ह्यांनी त्या रकान्यात लाल पेनानं लिहिलं, 'जोडफेरी'.

बर्नचा विषय मी लावून धरला. स्वित्झर्लंडला जाणारे लोक डोंगर चढतात आणि बर्नला वळून बघत नाहीत. आइनस्टाइन ज्या पेटंट कचेरीत नोकरी करत होता ती बर्नची. १९०५ मध्ये सापेक्षतेचा सिद्धांत त्यानं तिथं नोकरीत असतानाच मांडला. "म्हणजे सरकारी कचेरीत माणसाला एवढा वेळ मिळत होता," हे म्हणाले, आणि ते बर्नच्या बाजूनं झाले. अक्का विरोधात गेल्या, कारण जी कायद्यानं राजधानीच नाही तिच्यावर एफडी का मोडायची? मुद्दा बिनतोड होता. बर्नला विनंती थांबा मिळाला.

लंडनचं काय करायचं, यावर मात्र माझंच मन दोन्हीकडं ओढत होतं. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथं १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब आंबेडकर राहत होते, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. ते मला बघायचं आहे. पण लंडनला वेगळा व्हिसा लागतो, म्हणजे वेगळे कागद, वेगळे पैसे. ह्यांचा लंडनसाठीचा हट्ट व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं बघायचा होता. तो हट्ट परस्पर मिटला. २०२४ च्या जुलैत ती वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिला मुक्काम कुठं, तर साताऱ्याच्या संग्रहालयात. आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ह्यांनी ती दोनदा जाऊन बघितली, दोन्ही वेळा 'लंडन वाचलं' असं म्हणत घरी आले. बाबासाहेबांच्या घरासाठी मी लंडनची स्वतंत्र सहल काढणार आहे, तीत पट्टी आणि आखीव कागद यांना प्रवेश नाही.

मग आला खाण्याचा प्रश्न. अक्कांची यादी तयार होती: मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी, गुळपोळ्या, आणि परक्या मुलखात कुणाच्या घरी जायची वेळ आलीच तर द्यायला साताऱ्याचे कंदी पेढे. मी नियम वाचून दाखवले. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. मांस नाही. फळंभाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो.

"पेढा म्हणजे दूधदुभतं कसं? पेढा म्हणजे पेढा," अक्का म्हणाल्या.

पण दाखल्याशिवाय नेता येतील अशी पाच फळं आहेत, असं मी पुढं वाचलं: अननस, केळी, नारळ, खजूर आणि दुरियन. दुरियन काय ते कुणालाच पाहून माहीत नव्हतं, पण बाकीची नावं ऐकून अक्कांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला. "केळी, नारळ, खजूर. म्हणजे सत्यनारायण घालता येईल." थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की प्रसादाच्या शिऱ्यात दूध आणि तूप असतं. त्यानंतर बराच वेळ त्या ब्रसेल्सबद्दल काही बोलल्या, ते मी इथं लिहीत नाही. हे नियम तिथल्या कचेऱ्यांत ठरतात, हे मी त्यांना उगाच सांगितलं होतं.

दुसरी अडचण आकाशातली. आम्ही जूनमध्ये जायचं म्हणत होतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात. ह्यांना आनंद झाला, एका दिवसात दीड दिवसाचं बघून होईल. अक्कांचा प्रश्न होता, दिवेलागण कधी करायची? आणि त्याहून मोठा, संकष्टी? कालनिर्णय उघडला गेला. त्यातल्या चंद्रोदयाच्या वेळा आपल्याकडच्या. ओंकारनं मोबाइलवर पॅरिसचा चंद्रोदय काढला, तर तो मध्यरात्रीच्या सुमाराला. सबंध दिवस लूव्रमध्ये चालून, उपाशीपोटी, मध्यरात्री पॅरिसच्या कुठल्या तरी हॉटेलच्या खिडकीतून चंद्र शोधायचा आणि मग मोदक करायचे? पहिल्यांदाच ओंकार उत्साहानं म्हणाला, "मामी, हा खरा ऑथेंटिक एक्सपिरिअन्स!" त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

स्वच्छतागृहांचा प्रश्न मात्र अक्कांनी पहिल्या दिवसापासून लावून धरला होता, आणि त्यांच्या वयाची कुणीही बाई तो लावून धरेल. युरोपात स्थानकांवर आणि चौकांत बऱ्याच ठिकाणी आत जायला नाणं टाकावं लागतं. पन्नास सेंट, कधी एक युरो. अक्कांनी रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसल्या. मग मी त्यांना व्हेस्पेझियनची गोष्ट सांगितली. हा रोमचा सम्राट. त्यानं मूत्रावर कर बसवला, कारण कातडी कमावायला आणि कपडे धुवायला लोक ते गोळा करून नेत असत. त्याच्या मुलाला, टायटसला, हे ओंगळ वाटलं. तेव्हा बापानं करातून आलेलं नाणं त्याच्या नाकाखाली धरलं आणि विचारलं, याला वास येतो का? याच व्हेस्पेझियननं कोलोसियम बांधायला काढलं आणि पुढं सन ८० मध्ये त्याच टायटसनं त्याचं उद्घाटन केलं.

अक्का म्हणाल्या, "म्हणजे तेव्हापासूनची रीत आहे. आणि त्याच पैशातून ते कोलोसियम?" इतिहासात असं थेट कुठं नोंदवलेलं नाही, पण मी विरोध केला नाही. कारण त्यानंतर त्यांनी नाण्यांसाठी वेगळा बटवा शिवायला घेतला. रोममध्ये रस्तोरस्ती प्यायच्या पाण्याचे नळ फुकट आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी एवढाच शेरा मारला, "पाणी फुकट पाजतात आणि मग दुसरीकडं वसूल करतात."

सगळं ठरल्यावर व्हिसाचे कागद. इथं मात्र मला युरोपचा आदर वाटला, कारण एवढ्या बारकाईनं मी दहावीचे पेपरही तपासले नाहीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, चेहरा निर्विकार. अक्कांचा पहिल्याच फटक्यात पास झाला. विमा निदान ३०,००० युरोंचा. त्याचे रुपये ऐकून त्या म्हणाल्या, "एवढ्यात माझे दोन्ही गुडघे नवे होतील, मग विमा कशाला?" फी माणशी ९० युरो. बँकेचे उतारे, पेन्शनचा दाखला, प्राप्तिकराचे कागद, हॉटेलांची आगाऊ नोंदणी, आणि रोज कुठं असणार याचा तक्ता. हा तक्ता मात्र आमच्याकडे होता, त्यात चहापाण्याचे थांबेसुद्धा होते.

अडलं ते एका नियमापाशी. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. पण आमच्या नियंत्रकांनी सर्व राजधान्यांना सारख्याच रात्री दिल्या होत्या. "पक्षपात मी नोकरीत केला नाही, आता कसा करू?" सुदैवानं नियम पुढंही लिहिलेला होता. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे जायचं. म्हणून पॅरिस. असा पॅरिसला मान मिळाला.

परत याल याचा पुरावा काय, याला ह्यांनी घराचा उतारा जोडला. अक्कांनी मला पत्रात लिहायला लावलं की आषाढीच्या आत परतणं भाग आहे. प्रवासाचा हेतू मी स्वतः लिहिला. ओंकारनं संगणकावरून साचेबंद मजकूर काढून दिला होता, तो बाजूला ठेवला. लिहिलं की मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे, तुमच्या राजधान्या तुम्ही फार कष्टानं मांडल्या आहेत, त्या शेकडो मुलांकडून मी पाठ करून घेतल्या आहेत, आणि आता त्या बघून 'छान आहे हो' म्हणायला येत आहे. खाली सही केली आणि सवयीनं तारीख घातली. ह्यांनी वाचून फक्त 'हो' हा शब्द काढायला सांगितला. मी ठेवला.

सगळे कागद फायलीत लागले तेव्हा रात्र झाली होती. मी शेवटचा नियम मोठ्यानं वाचला: १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करार केला आणि आपापसातले तपासणी नाके उठवायला सुरुवात केली. आता २९ देश त्यात आहेत. पाहुण्यानं या सगळ्यांत मिळून किती राहायचं तेही ठरलेलं आहे. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा.

हे माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी मिळून दिवाणाकडं बघितलं.

"काय गं," अक्का चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या, "मध्ये एक दिवस घरी जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं ना?"

"नाही अक्का, तसं चालत नाही. मागचे १८० दिवस बघतात."

"मग त्यांचा तो नियम त्यांच्याकडेच असू दे," म्हणाल्या आणि उशीखालून रिमोट काढून मालिका लावली.